वीज गेली की लेख अडकतो : वर्डप्रेसमधील लेख-प्रकाशन प्लगइनची पुन्हा पुन्हा उद्भवणारी तक्रार

मालवण तालुक्यात कर्ली खाडीच्या काठी असलेल्या आमच्या गावच्या वाचनालयाचे संकेतस्थळ बाहेरच्या भाड्याच्या सर्व्हरवर नाही. ते वाचनालयातच, जुन्या वर्तमानपत्रांच्या कपाटावर ठेवलेल्या रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या संगणकावर चालते. त्यावर वर्डप्रेस हे संकेतस्थळ चालवणारे सॉफ्टवेअर आहे आणि वर्डप्रेसमध्ये लेख आपोआप प्रकाशित करणारा एक प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, आहे. कार्यकर्ते आठवडाभराचे लेख साध्या मजकुराच्या फाइलींत लिहून एका ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवतात आणि पहिल्या ओळीत प्रकाशनाची तारीख व वेळ घालतात. प्लगइन दर पंधरा मिनिटांनी त्या फोल्डरवर एक फेरी मारतो, नव्या फाइलीचा लेख तयार करतो आणि तो नियोजित लेखांच्या रांगेत लावतो.

या लेखांपैकी रोज पहाटे ५ वाजता निघणारा लेख सर्वांत छोटा आणि सर्वांत महत्त्वाचा असतो, तो म्हणजे त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा. वाचनालयाच्या पडवीत एक जुना टीव्ही लावलेला असून तो स्थानिक वाय-फायवरून हेच पान दाखवतो. खाडीत तिसऱ्या (शिंपले) काढायला जाणाऱ्या बायका सकाळी जाता जाता त्यावर सुकतीची, म्हणजे ओहोटीची, वेळ पाहतात. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे पडद्यावर कालचे पान राहिले तर ते निव्वळ शिळे राहत नाही, चुकीचेही ठरते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात यांत्रिक नौका किनाऱ्याला असतात आणि खाडीतले काम वाढते. वीजही नेमकी याच दोन महिन्यांत सर्वाधिक जाते.

तक्रार अशी होती. रात्री वीज गेली आणि पहाटे किंवा सकाळी परत आली की त्या दिवसाचा लेख प्रकाशित होत नसे. कोणीतरी मला फोन करी, मी प्लगइन निष्क्रिय करून, काढून, पुन्हा बसवून सक्रिय करीत असे, आणि लेख बाहेर पडे. पुढच्या वेळी वीज गेली की पुन्हा तेच. एका पावसाळ्यात मी हा प्लगइन इतक्या वेळा बसवला की त्याच्या सेटिंग्जचे पान मला तोंडपाठ झाले. प्लगइन सदोष आहे, ही माझी ठाम समजूत होती आणि ती चुकीची होती.

समजूत मोडली ती दोन अपवादांमुळे. दोन दिवस असे आले की प्लगइन पुन्हा बसवूनही लेख अडकलेलाच राहिला. दोन्ही दिवशी वीज आली होती, परंतु झाड पडून फायबरची तार तुटल्यामुळे इंटरनेट दिवसभर बंद होते. प्लगइन गावातल्या गावात, त्याच यंत्रावरच्या फोल्डरमधून फाइली उचलतो. त्याला इंटरनेटची गरज नाही. मग इंटरनेट नसल्याने त्याचे काय अडावे, हा प्रश्न खरे तर मी पहिल्याच वेळी विचारायला हवा होता.

तीन आजार, एकच लक्षण

"लेख वेळेवर निघाला नाही" या एका वाक्यामागे वर्डप्रेसमध्ये निदान तीन वेगळी कारणे असू शकतात, आणि प्लगइनला हात लावण्यापूर्वी त्यांपैकी कोणते आहे हे लेखांच्या यादीत नुसते पाहून बहुतेकदा ठरवता येते.

लेख नेमका साडेपाच तास उशिरा निघत असेल, तर दोष वेळ-विभागाचा आहे. वर्डप्रेस नव्याने बसवल्यावर त्याचा वेळ-विभाग जागतिक प्रमाणवेळेवर असतो आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. सेटिंग्जमधील सर्वसाधारण पानावर कोलकाता निवडावे. त्याच पानावर वर्डप्रेस आपल्या समजुतीची स्थानिक वेळ लिहून दाखवतो, ती मोबाइलशी ताडून पाहावी. वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलेला आहे त्या पीएचपीचा मूळ वेळ-विभाग बदलण्याच्या सूचना ठिकठिकाणी दिलेल्या आढळतात, त्या पाळू नयेत. वर्डप्रेस सुरू होताना तो वेळ-विभाग स्वतःच जागतिक वेळेवर ठेवतो आणि त्यावरच त्याचा सारा हिशेब चालतो.

लेखाची वेळ उलटून गेली असून यादीत त्याच्यापुढे वेळ हुकल्याचा लाल शेरा दिसत असेल, तर यंत्राला वेळ बरोबर कळते आहे, पण ठरलेले काम करायला कोणी जागे नाही. हा क्रॉनचा, म्हणजे ठरलेली कामे वेळेवर करणाऱ्या यंत्रणेचा, दोष आहे.

तिसरा प्रकार फसवा आहे. तुमच्या मनगटावर सकाळचे आठ वाजले आहेत, लेख पाच वाजताचा आहे, तरी यादीत तो निमूटपणे "नियोजित" म्हणून बसलेला आहे आणि लाल शेरा कुठेच नाही. वर्डप्रेसच्या दृष्टीने येथे काहीच बिघडलेले नाही, कारण त्याच्या लेखी पाच अजून वाजायचेच आहेत. हा घड्याळाचा दोष आहे. आमचा मुख्य आजार हाच होता आणि लाल शेरा दिसत नसल्यामुळेच मी इतके दिवस प्लगइनवर संशय घेत राहिलो.

सतरा मिनिटांचा धागा

रास्पबेरी पायच्या चौथ्या आवृत्तीपर्यंतच्या कोणत्याही यंत्रात बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही. २०२३ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत घड्याळाचे परिपथ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी जोडावी लागते. ती नसेल तर वीज गेल्यावर त्याचीही तीच गत होते. घरातल्या साध्या संगणकात मदरबोर्डवर नाण्यासारखा सेल असतो, म्हणून तो महिनाभर बंद राहिला तरी त्याला तारीख ठाऊक असते. पायमध्ये ही उणीव झाकण्यासाठी एक लहान सॉफ्टवेअर असते, त्याचे नाव फेक-एचडब्ल्यूक्लॉक. ते दर तासाला चालू वेळ एका फाइलीत लिहून ठेवते आणि यंत्र सुरू होताना तीच वेळ पुन्हा लावते. पुढे इंटरनेट मिळाले की वेळ जुळवणारी सेवा (आमच्याकडे क्रोनी) खरी वेळ आणून घड्याळ दुरुस्त करते. इंटरनेट मिळालेच नाही, तर यंत्र त्या लिहून ठेवलेल्या शिळ्या वेळेपासूनच पुढे चालू लागते.

हे मला नोंदवहीत, म्हणजे यंत्राच्या लॉगमध्ये सापडले. वेगवेगळ्या दिवशी वीज परत आल्यानंतरच्या पहिल्या ओळी मी एकाखाली एक मांडल्या : एकीची वेळ रात्री ७.१७, दुसरीची १.१७, तिसरीची ११.१७. वीज काही दर वेळी सतरा मिनिटांचा मुहूर्त पाहून येत नाही. डेबियन या लिनक्समध्ये तासातासाची कामे मुळात प्रत्येक तासाच्या १७ व्या मिनिटाला होतात, आणि आमच्या यंत्रावर वेळ लिहून ठेवण्याचे काम त्याच गटात होते. म्हणजे वीज कधीही जावो वा येवो, यंत्र जागे होई ते वीज जाण्यापूर्वीच्या शेवटच्या "सतरा"वर.

हिशेब पाहा. वीज संध्याकाळी ७.५० ला गेली आणि सकाळी ६.३० ला आली. यंत्राला वाटले की संध्याकाळचे ७.१७ झाले आहेत, म्हणजे ते सव्वाअकरा तासांनी मागे पडले. पहाटे पाचचा लेख त्याच्या घड्याळाने निघेल तेव्हा पडवीतल्या घड्याळात दुपारचे ४.१३ झालेले असतील. दरम्यान इंटरनेट आले, तर घड्याळ एकदम पुढे उडी घेते आणि अडकलेले सगळे एका दमात बाहेर पडते. मला फोन येईपर्यंत आणि मी प्लगइन काढून पुन्हा बसवेपर्यंत बहुधा इंटरनेट येऊन गेलेले असे, आणि श्रेय मिळे ते पुनःस्थापनेला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडत होती.

याच घोटाळ्याचे एक लहान उपकथानकही आहे. प्लगइन आपली शेवटची फेरी किती वाजता झाली हे डेटाबेसमध्ये लिहून ठेवतो आणि पंधरा मिनिटे झाल्याशिवाय पुढची फेरी सुरू करीत नाही. शेवटची फेरी ७.४५ ची आणि यंत्र जागे झाले ७.१७ ला, म्हणजे प्लगइनच्या मते शेवटची फेरी अजून भविष्यात होती. त्यामुळे तो आणखी पाऊण तास गप्प बसे. सक्रिय करताना ही नोंद पुसली जाते, हा पुनःस्थापनेचा एकमेव खरा उपयोग. तसेच, घड्याळ मागे असताना कोणी हाताने लेख प्रकाशित केला, तर त्याच्यावर आदल्या दिवसाची तारीख पडते आणि यादीत तो खाली जातो. अशा लेखांच्या तारखा नंतर एकेक करून दुरुस्त कराव्या लागतात. घड्याळाची उडी मोठी असेल तर आत शिरलेले कार्यकर्तेही अचानक बाहेर पडतात, कारण लॉगिनच्या कुकीची मुदत साधारणपणे दोन दिवसांची असते आणि ती सर्व्हरच्या घड्याळानेच मोजली जाते.

घड्याळाचा उपाय

तपासणी सोपी आहे. टर्मिनलवर "क्रोनीसी ट्रॅकिंग" ही आज्ञा द्यावी. वेळ जुळलेली नसेल तर उत्तराच्या शेवटच्या ओळीत तसे स्पष्ट लिहून येते. क्रोनी नसून लिनक्समधील सिस्टमडीची वेळ जुळवणारी सेवा असेल, तर "टाइमडेटसीटीएल" हीच माहिती देते.

कायमचा उपाय म्हणजे यंत्राला खरे घड्याळ देणे. आम्ही डीएस३२३१ या चिपचे तयार मॉड्यूल बसवले. ते पायच्या पिनांवर बसते, आय-टू-सी या मार्गाने बोलते आणि त्याची चूक साधारण तापमानात वर्षाला एक मिनिटाच्या आसपास असते, म्हणजे भरतीच्या वेळापत्रकासाठी पुरेशीपेक्षा जास्त अचूक. रास्पी-कॉन्फिग या सोयीतून आय-टू-सी सुरू करावे, यंत्राच्या मूळ कॉन्फिग फाइलीत या चिपची ओव्हरले ओळ (यंत्राला चिपची ओळख करून देणारी) घालावी, यंत्र पुन्हा सुरू करावे, इंटरनेट असताना खरी वेळ जुळली आहे याची खात्री करावी आणि मगच "एचडब्ल्यूक्लॉक"च्या लिहिण्याच्या पर्यायाने ती मॉड्यूलमध्ये उतरवावी. हा क्रम उलटा झाला तर चुकीची वेळच बॅटरीच्या भरवशावर वर्षानुवर्षे जपली जाईल. यानंतर फेक-एचडब्ल्यूक्लॉक काढून टाकणे विसरू नये. ते राहिले तर दोन घड्याळे होतात, आणि त्यांतले खोटे कधी पुढे येईल याचा नेम नाही.

सेलबाबत दोन गोष्टी अनुभवाने सांगतो. बाजारात मिळणाऱ्या यांतील एका प्रचलित मॉड्यूलवर सेल चार्ज करण्याचे परिपथ असते आणि ते पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलसाठी आहे. त्यात साधा सीआर२०३२ सेल घालायचा असेल तर ते परिपथ तोडून घ्यावे, अन्यथा सेल फुगण्याचा धोका असतो. दुसरी गोष्ट समुद्राची. आमच्या पहिल्या मॉड्यूलच्या सेलखालची पत्री वर्षभरात हिरवी पडली आणि घड्याळ पुन्हा उघडे पडले. आता ते झाकणाच्या डबीत असते आणि पावसाळ्यापूर्वी पत्री पुसून घेतली जाते.

कार्यकारिणीतील एका होडीमालकाने सुचवले होते की होडीवरच्या जीपीएसला तर इंटरनेट नसतानाही सेकंदासकट वेळ कळते, मग तेच का जोडू नये. सूचना अगदी रास्त आहे. जीपीएस रिसीव्हरवरून क्रोनीला वेळ देता येते आणि दुर्गम ठिकाणी लोक तसे करतातही. पण त्याला आकाश दिसणारी जागा लागते आणि आमचे कपाट माडीखाली आहे. वेळ जुळल्याशिवाय प्रकाशन सुरूच होऊ देऊ नये, असाही एक उपाय सुचवला जातो. तो शहरात ठीक आहे. येथे फायबर दोन दोन दिवस बंद राहते, त्यामुळे तो उपाय म्हणजे आगीतून फुफाट्यात.

क्रॉन जागा ठेवणे

घड्याळ सुधारल्यावर लेख अडकणे पुष्कळ कमी झाले, तरी थांबले नाही. मात्र आता यादीत लाल शेरा दिसू लागला. हा दुसरा आजार पहिल्याच्या आड लपलेला होता.

वर्डप्रेसचा क्रॉन हा खरा क्रॉन नाही. कोणी पान उघडले की वर्डप्रेस पाहतो की एखाद्या कामाची वेळ झाली आहे का, आणि झाली असेल तर तो स्वतःलाच एक गुपचूप विनंती पाठवून ते काम उरकतो. पहाटे पाच वाजता संकेतस्थळावर कोणी फिरकत नाही. पडवीतला पडदा दर पाच मिनिटांनी पान ताजे करतो हे खरे, पण वेग वाढवण्यासाठी मीच बसवलेला कॅशे-प्लगइन त्याला तयार पान देऊन वाटेला लावत होता. वर्डप्रेसला जाग येतच नव्हती. शिवाय ती स्वतःलाच पाठवलेली विनंतीही अडत होती. संकेतस्थळाचे नाव राउटरच्या बाहेरील पत्त्याकडे बोट दाखवते आणि पुष्कळ राउटर आतून निघालेली विनंती बाहेरून वळवून पुन्हा आत आणू शकत नाहीत. वर्डप्रेस ५.२ पासून साधनांमध्ये "साइट हेल्थ" हे पान आहे. लूपबॅक (स्वतःलाच पाठवलेली) विनंती अयशस्वी झाल्याचा शेरा तेथे दिसला तर दुखणे हेच. यंत्राच्या होस्ट्स फाइलीत संकेतस्थळाचे नाव १२७.०.०.१ या स्वतःच्या पत्त्याला बांधले की ते मिटते.

खरा उपाय मात्र क्रॉन वर्डप्रेसच्या हातातून काढून घेण्याचा आहे. डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलीत वर्डप्रेसचा अंगभूत क्रॉन बंद करणारा स्थिरांक "खरा" (ट्रू) असा घालावा. तो "येथून पुढे बदल करू नका" या अर्थाच्या ओळीच्या वर असला पाहिजे. मग लिनक्सच्या क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे खऱ्या क्रॉनच्या वेळापत्रकात, दर पाच मिनिटांनी डब्ल्यूपी-क्रॉनची पीएचपी फाइल थेट चालवणारी ओळ लिहावी, म्हणजे कॅशे, राउटर आणि इंटरनेट हे तिघेही मध्ये येत नाहीत. ही ओळ वेब-सर्व्हरच्या वापरकर्त्याच्या नावाने लिहावी. मी ती घाईत रूटच्या, म्हणजे यंत्राच्या मुख्य वापरकर्त्याच्या, नावाने लिहिली. प्लगइनने तयार केलेल्या फोल्डरांची मालकी रूटकडे गेली आणि दुसऱ्या दिवशी कार्यकर्त्यांना छायाचित्रे चढवता येईनात. स्थिरांक घातला आणि क्रॉनटॅबची ओळ राहून गेली, असेही होते. तेव्हा मात्र काहीच कधीही निघत नाही.

बसवताना घ्यायची काळजी

परवानग्यांबाबत वेगळे सांगण्यासारखे थोडेच आहे : फोल्डरांना ७५५, फाइलींना ६४४, मालकी वेब-सर्व्हरच्या वापरकर्त्याची, आणि लेखांचे फोल्डर वेबवरून कोणालाही उघडता येणार नाही अशा जागी. प्लगइन स्वतःचा लेखप्रकार निर्माण करीत असेल आणि सक्रिय केल्यावर त्याचे लेख "पान सापडले नाही" म्हणत असतील, तर पर्मालिंकच्या (लेखांच्या पत्त्यांच्या) पानावर काहीही न बदलता फक्त जतन करा हे बटण दाबावे. नियम नव्याने लिहिले जातात. तरीही पान सापडत नसेल तर अपाचे या वेब-सर्व्हरमध्ये त्या फोल्डरपुरती एचटीअ‍ॅक्सेस ही नियमांची फाइल मानण्याची परवानगी दिलेली आहे का ते पाहावे, कारण डेबियनमध्ये ती मुळात दिलेली नसते.

पण मराठीत प्रकाशन करणाऱ्यांना सर्वांत महाग पडणारी गोष्ट वेगळीच आहे. लेखाच्या पत्त्यातील नावाला वर्डप्रेस २०० अक्षरांची जागा ठेवतो. इंग्रजीत ती भरपूर आहे. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार हे सगळे वेगवेगळे धरून, पत्त्यात सांकेतिक रूपात नऊ जागा खाते. म्हणजे जेमतेम २२ चिन्हे मावतात. "मालवण बंदरातील भरती-ओहोटीच्या वेळा, ४ जून" या शीर्षकाचा पत्ता "मालवण-बंदरातील-भरती-ओहोट" येथेच तुटतो आणि तारीख कापली जाते. दुसऱ्या दिवशीच्या लेखाचा पत्ताही तोच होतो. एरवी वर्डप्रेस त्याच्यामागे २, ३ असे आकडे जोडून वेळ निभावून नेतो, पण आमचा प्लगइन पत्ता सारखा असल्यास "जुनाच लेख सुधारला आहे" असे समजून त्यावरच नवा मजकूर लिहीत होता. पाच जूनच्या लेखाने चार जूनचा लेख गिळला, सहाच्या लेखाने पाचचा. महिनाभराने कोणी मागच्या उधाणाच्या वेळा विचारल्या तेव्हा हे उघडकीस आले आणि त्या फाइली बॅकअपमधून परत आणाव्या लागल्या. आता पत्ता शीर्षकावरून न घेता फाइलीच्या नावावरून घेतला जातो आणि फाइलीचे नाव वर्ष, महिना, दिवस अशा नुसत्या अंकांत असते. प्लगइनमध्ये ही सोय नसेल, तर निदान शीर्षकाच्या सुरुवातीलाच तारीख घालावी.

सगळे झाल्यावर चाचणी अशी घ्यावी. अर्ध्या तासाने निघेल असा एक लेख फोल्डरमध्ये ठेवावा आणि तो "नियोजित" म्हणून यादीत आलेला पाहावा. मग फायबरची तार काढावी, यंत्र रीतसर बंद करावे (चालू यंत्राचा प्लग ओढला तर मेमरी कार्ड खराब होऊ शकते), तासभर थांबावे आणि इंटरनेटविनाच ते पुन्हा सुरू करावे. घड्याळ बरोबर असेल आणि क्रॉन जागा असेल, तर कोणीही पान न उघडता पाच मिनिटांच्या आत तो लेख बाहेर पडलेला दिसतो. आम्ही ही चाचणी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घेतो. गेल्या खेपेला यंत्र सुरू झाल्यावर लॉगची पहिली ओळ मी मुद्दाम पाहिली. तिची वेळ ४.४२ होती, आणि भिंतीवरच्या घड्याळातही ४.४२ च झाले होते.